नागव्वा उंबऱ्यावर बसते

आमच्या खात्यातली कुणी बाई काम सोडून घरी बसली, की दुसऱ्या दिवशी मिल सुटल्यावर नागव्वा तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसायची. आत यायची नाही, समजूत घालायची नाही. घरातलं सूप मागून घ्यायची, ज्वारी मागून घ्यायची आणि खडे निवडत राहायची. ज्वारी संपली की डाळ मागायची. डाळही संपली तर सूप झटकून मांडीवर ठेवायची आणि बसून राहायची.

नागव्वा आमची नायकीण, म्हणजे बायकांवरची मुकादम. आम्ही बायका कांड्यांवरचं सूत रिळावर घेऊन लड्या करायचो, आणि आमच्यावर देखरेख तिची. उंच, काळी, दातांना मिसरी. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत शिरायची आणि आपण शिरलो हे तिला कळायचंही नाही.

माझ्याही दारात ती बसली होती. मी नवी होते. सूत सारखं तुटायचं, तुटलं की शेजारच्या हसायच्या, आणि कुणी नाव विचारलं तरी मी मान खाली घालून रिळाला लागायचे. चार दिवसांत मी जाणं बंद केलं. सासूबाईंनी नागव्वाला दारातच सांगितलं, सून आता येणार नाही.

"न्हाय येऊ दे की. सूप हाय का घरात?"

सासूबाई गोंधळल्या. भांडायला आलेल्या माणसाला उत्तर देता येतं, धान्य निवडायला आलेल्या बाईला काय सांगणार? त्यांनी मुकाट्यानं सूप दिलं. आमचे हे कामावरून आले ते बाहेरच उभे राहिले, कारण वयानं मोठ्या बाईला ओलांडून आत कसं जायचं? बराच वेळ खाकरून झाल्यावर त्यांनी तिथूनच मला सांगितलं, "अगं, जा की उद्यापासून. मला घरात येऊ दे."

दुसऱ्या दिवशी तिनं मला खिडकीजवळचं, उजेडातलं रीळ दिलं. शेजारी उभी राहून तुटलेला धागा कसा जोडायचा ते न बोलता दाखवत राहिली. हसणाऱ्या बायकांकडे तिनं नुसतं पाहिलं. "नवी बाई पळाली तर चूक तिची न्हाय, माजी," हे ती नेहमी म्हणायची.

भांडणं मिटवायची तिची तऱ्हा और होती. काशी आणि बालम्मा यांची रिळं शेजारी शेजारी. चांगल्या, कमी तुटणाऱ्या सुताच्या कांड्यांची टोपली आधी कुणी ओढली यावरून काशी मराठीत भांडायची, बालम्मा तेलुगूत. नागव्वाला दोन्ही कळायचं. ती मध्ये उभी राहून काशीला सांगायची, "ती इचारतीया, तुज्या पोरीचा ताप उतरला का?" बालम्मालाही तिच्या भाषेत असंच काहीतरी सांगायची. काशी हातातली टोपली सोडायची. पोरीची चौकशी करणारीला शिवी कशी द्यायची? तेवढ्यात नागव्वा टोपली उचलायची आणि बऱ्यावाईट कांड्या आपल्या हातानं सगळ्यांना सारख्या वाटून टाकायची.

पुढे बालम्माला मराठी येऊ लागलं आणि लबाडी उघडी पडली. मग दोघी मिळून नागव्वाशी भांडल्या. नागव्वा खूश. "आता झाला की न्हाय दोगी एका बाजूला!" म्हणाली.

मग खात्यावर नवे साहेब आले. त्यांना एक रीळ बंद दिसलं आणि काशी-बालम्मा मोठमोठ्यानं बोलताना दिसल्या. दोघींना काढून टाक, असं त्यांनी नागव्वाला सांगितलं. त्यांचं बोलणंच तसं आहे, हे भांडण नाही, असं तिनं परोपरीनं सांगून पाहिलं. साहेब ऐकेनात.

"मग आदी मला काडा," ती म्हणाली, आणि पदर खोचून निघून गेली.

त्या दोघी राहिल्या, नागव्वा गेली. तिच्या जागी आलेला मुकादम ओरडायचा, आणि पुढेपुढे करणाऱ्यांनाच चांगल्या कांड्या द्यायचा. काशी-बालम्मा आता खरंच भांडू लागल्या. एकेक बाई यायची थांबली, रिळं रिकामी दिसू लागली. शेवटी काशीही घरी बसली. तिचं घर तिच्या एकटीच्या हातावर चाललेलं, पण तिच्या उंबऱ्यावर जाणारं कुणी उरलं नव्हतं.

साहेबांनी नागव्वाला बोलवायला शिपाई पाठवला. तिनं त्याला गूळपाणी देऊन परत पाठवलं. बायका जाऊन विनवून आल्या. बालम्मा तर रडून आली. माझं काम संपलं, एवढंच नागव्वा सगळ्यांना सांगायची.

रविवारी मी निघाले. मला बोलून कुणाला वळवता येत नाही. पण नागव्वाच्या रीतीला बोलावं लागतच नाही.

तिची खोली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. एक चूल, एक ताट, भिंतीशी गुंडाळलेली एक वाकळ. मी उंबऱ्यावर बसले आणि म्हटलं, "अक्का, सूप द्या."

आतून सूप आणून तिनं माझ्यासमोर ठेवलं. त्यात ओंजळभर ज्वारी होती. मी निवडू लागले. इकडून तिकडे फिरवली, बोटांनी पसरली, परत गोळा केली. एक खडा सापडेल तर शपथ.

"न्हाय त्यात खडा," नागव्वा म्हणाली. "दिसभर त्येच करतीया मी. एकटीला कितीशी लागती जवारी? लोकांच्या दारात बसलं की लई असती बग."

उठायचं नाही, एवढं ठरवून आले होते.

"मग डाळ द्या," मी म्हटलं.

"डाळ न्हाय."

मी सूप मांडीवर ठेवलं आणि बसून राहिले. बोळातलं ऊन भिंतीवर चढलं. नागव्वा चुलीशी गेली, परत आली, आणि उंबऱ्याच्या दुसऱ्या टोकाला टेकली.

"काशी घरात असंल का आता?" तिनं विचारलं.

मी मान डोलावली.

"पोरंबाळं हायत तिच्या घरात. जवारी असंल पायलीभर." ती उठली, पदर खोचला, आणि माझ्या मांडीवरचं सूप उचलून काखेत मारलं. "चल पोरी. तिचं सूप मोडकं हाय."