न हललेली रेषा

पदार्थाचा खरा स्वभाव त्याला चिरडल्याशिवाय कळत नाही, हे विज्ञानाला फार पूर्वीच उमगले आहे. (संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत संस्थांना ते त्याहीआधी उमगले होते.)

आमच्या प्रयोगशाळेत त्याची उत्तम सोय आहे. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये पोलादी चकती, चकतीच्या मधोमध केसाएवढे भोक, भोकात लोहखनिजाचा कण. स्क्रू पिळला की हिरे कणाला दाबतात. मग त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि कणातले लोखंड काय उत्तर देते ते पडद्यावरच्या रेषेत वाचायचे. दाब वाढला की रेषा सरकते. किती सरकली, यावर प्रबंध होतो.

एका विद्यार्थिनीची रेषा सरकेना. दाब दुप्पट केला, चौपट केला; रेषा ढिम्म. विभागप्रमुखांनी लगेच जाहीर केले, की दाबाला अजिबात दाद न देणारे खनिज सापडले आहे. पेपरात त्यांचा फोटो आला. (खनिजाचा आला नाही. ते डोळ्यांना दिसत नाही.)

आठवड्याने विद्यार्थिनी त्यांच्या खोलीत गेली. प्रबंधावर त्यांची सही व्हायची होती, म्हणून ती दारातच उभी राहिली.

"सर, किरण भोकावर पडतच नव्हते. चकतीवर पडत होते. ती रेषा पोलादाची आहे."

"हलली का?"

"कडेला दाबच पोचत नाही, सर. हलेल कशी?"

"म्हणजे नाही हलली. मग माझं काय चुकलं?"

"मी किरण केसभर सरकवले. आता खनिजाची रेषा येते. हलतेही. पुस्तकात दिलीय तेवढीच."

"पुस्तकातलंच काढायला एवढं यंत्र आणलं का गं आपण?"

समिती नेमण्यात आली. तिचे निष्कर्ष अत्यंत समतोल होते: लोखंड चकतीतही आहे आणि खनिजातही, तेव्हा मतभेद तत्त्वाचा नाही, यंत्र आधी ठीक होते, विद्यार्थिनीने हात लावल्यावर बिघडले, आणि सहीची घाई करू नये. तंत्रज्ञाला बोलावून किरण पुन्हा चकतीवर आणण्यात आले. (त्याने विचारले, "नक्की इथेच ना?" समिती एकमताने हो म्हणाली.)

विद्यार्थिनीने प्रबंधात खनिजाचीच रेषा ठेवली. सही अजून झालेली नाही. तिने पेपरालाही कळवले. त्यांनी चार ओळींची दुरुस्ती छापली, हवामानाच्या खाली.

त्याच दिवशी तिच्या मामांचा फोन आला. "अगं, तुझा दगड हलतच नाही म्हणे! सगळ्या ग्रुपवर टाकलंय मी."

"मामा, तो दगड नव्हता हो, चकती होती. आज दुरुस्ती आलीय. ती पण टाका ना."

"ती कोण वाचतंय बाळा आता?"

मामांना विज्ञानातले काही कळत नाही. पण आपण शास्त्रीय पद्धत सोडत नाही. ती पहिली बातमी तुम्हीही कुणाला तरी पाठवली होती आणि दुरुस्तीच्या दिवशी तुमच्याही घरी पेपर आला होता. त्या चार ओळींचा तुमच्यावर किती परिणाम झाला, हे आम्ही काळजीपूर्वक मोजले.

रेषा हलली नाही.