ग्राही ऐकत नाही

बर्वे सरांनी एकदा लग्नाच्या पंगतीत भाताचं मूत्रपिंड केलं होतं. आमच्या शाळेत ते जीवशास्त्र शिकवत, मी मराठी. त्या दिवशी माझं पान दुर्दैवाने त्यांच्या शेजारी होतं. "ही मूत्रपिंडाची पेशी," मूद चपटी करत ते म्हणाले. मग त्यांनी तिच्या अंगावर मटकीचे दाणे टोचले. "हे ग्राही. पेशीचे कान म्हण. मेंदू रक्तातून निरोप धाडतो, पाणी राखून ठेव. ग्राहीने ऐकलं तर पाणी अंगात राहतं. नाही ऐकलं तर..." असं म्हणत त्यांनी मटकी वेचून खाल्ली आणि भातावर वाटीभर वरण ओतलं. वरण वाहत माझ्या जिलबीपर्यंत आलं. "बघितलंस? सगळं लघवीवाटे." समोरच्या पंगतीतले नवऱ्या मुलाचे मामा मठ्ठा अर्धा टाकून उठले.

ही दोन हजार एक-दोन सालची गोष्ट. सरांना ओळखणाऱ्या प्रत्येकाला तेव्हा ग्राही तोंडपाठ होता. फोन बंद पडला की सर म्हणत, ग्राही ऐकत नाही. शिपायाने घंटा उशिरा दिली तरी तेच. मुख्याध्यापकांनी रजा नाकारली, तेव्हा त्यांनी अर्जाखाली पेशीची आकृती काढून तो परत पाठवला होता.

एसटीत सर दिसले की कंडक्टर कपाळाला हात लावत. दर अर्ध्या तासाने सर उठायचे, दोरी ओढायचे आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं सांगायचे, "लागलीय. थांबवा." लोक समजायचे, बिघाड सरांच्याच ग्राहीत आहे.

एका रविवारी मी सर आणि बर्वे काकूंबरोबर मालगुंडला निघालो. काकूंच्या भाच्याची मुंज होती. काकू तशा अबोल. मांडीवर पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या घेऊन खिडकीशी बसल्या होत्या. सरांनी तिसऱ्यांदा दोरी ओढली, तेव्हा ड्रायव्हरने सरळ इंजिनच बंद केलं. गाडीभर हशा पिकला. सर काकूंना म्हणाले, "थांबलीच आहे गाडी, तर तूही पाय मोकळे कर." पाय आखडले म्हणून मीही उतरलो.

काकू रस्त्याकडेच्या दगडी गडग्यापलीकडे गेल्या. सर अलीकडे काजूच्या झाडाशी त्यांच्याकडे पाठ करून नुसते उभे होते. मी विचारलं, "सर, तुम्ही नाही जात?"

"मला कुठे लागलीय?" ते हळूच म्हणाले. "ग्राही हिचा ऐकत नाही. किती पाणी प्यायली तरी अंगात ठरत नाही. मागे एकदा प्रवासात गाडी थांबवायची लाज वाटली म्हणून पाणीच प्यायली नाही. स्टँडवर चक्कर येऊन पडली. चार वर्षं माहेरी जायचं नाव काढलं नाही तिने."

"मग तुम्ही हे सगळं..."

"म्हाताऱ्याला काय, लोक हसतात आणि विसरतात."

गडग्यामागून काकू येताना दिसल्या. सरांनी माझा दंड धरला. "हिला बोलू नकोस हां. तिला वाटतं, मलाही लागते."

आणि पँटची चेन ओढल्यासारखं करत ते गाडीकडे वळले.