दारात उभं राहू नये

शनिवारी सकाळी कलाबाईंचा कुकर दुसऱ्या शिट्टीवर कोणीतरी बंद केला. तो कोणीतरी म्हणजे त्यांचा नातू चेतन होता. रेकॉर्डिंग आहे, दुपारपर्यंत घरात आवाज नको, एवढेच त्याने सांगितले. डाळ अर्धी कच्ची राहिली. कलाबाई मात्र पुरत्या उकळल्या.

कलाबाई शनिशिंगणापुरातल्या निवृत्त मुख्याध्यापिका. ज्या शाळेत लागल्या, त्याच शाळेतून सन्मानाने बाहेर पडल्या. चेतन मात्र आवाजाची कामे घेई, आणि तीही एकेका दिवसाची: आज बियाण्यांची जाहिरात, उद्या कुणाच्या वास्तुशांतीचे निमंत्रण. दर वेळी मालक नवा आणि विनवण्या नव्या; काम हाती पडले की तोच मालक फोनही उचलत नसे. या प्रकाराला नोकरी म्हणणे कलाबाईंना भाषेचा अपमान वाटे. "मजुराला निदान उद्या कुठं जायचं ते ठाऊक असतं," असे त्या त्याला जेवताना ऐकवीत, म्हणजे त्याला उत्तर देता येत नसे.

अखेर त्यांनी एका पतसंस्थेत शब्द टाकला. सोमवारपासून चेतनने तेथे कारकून म्हणून रुजू व्हायचे ठरले. आवाजाचे काम कायमचे सुटणार म्हणून तो चार दिवस नीट जेवला नव्हता. त्याने एकच सवलत मागितली: पुण्याच्या लिफ्ट कंपनीचे आजचे काम पसंत पडून पुढचे मिळाले, तर पतसंस्था रद्द.

काम एका वाक्याचे होते. लिफ्टच्या दारात कोणी रेंगाळला, तर त्याला बाईच्या आवाजात बाजूला व्हायला सांगायचे. आवाज चेतनची बायको माधुरी हिचा. पाच वाजेपर्यंत पाठवायचे.

अडचण अशी, की ज्या घरात हे वाक्य बोलायचे त्या घराला दारच नव्हते. शनिदेवाच्या गावात चौकट असते, दाराची फळी नसते. आतल्या खोलीपुरते दार बसवावे, असे चेतनने मागे एकदा सुचवले होते, तेव्हा कलाबाईंनी त्याच्याशी बोलणेच टाकले होते. म्हणून आज चौकटीवर दोन जाड गोधड्या टांगल्या होत्या, आणि त्यांच्याआड घामाघूम झालेली माधुरी पुन्हा पुन्हा म्हणत होती, "कृपया दारापासून दूर उभे राहावे."

वाटसरूंना थोपवायला चेतनने आजीलाच ओट्यावर बसवले.

"दार नाही म्हणून मलाच दार केलंस का रे?" कलाबाई म्हणाल्या, पण बसल्या.

शनिवार असल्याने भाविकांची रीघ लागली होती. कोणी पाणी मागे, कोणी गाडी लावायला जागा विचारी. कलाबाई त्यांना असे काही परत धाडीत, की माणसे निमूट जात आणि रेकॉर्डिंग मात्र बिघडे. शेवटी चेतनने हात जोडले आणि माणसांना नुसत्या खुणेने परतवण्याची विनंती केली. कलाबाईंनी संतापाने ओठ मिटून घेतले.

तेवढ्यात शेजारचा बजरंग आला. दार नसलेल्या गावात कडी वाजवता येत नाही, अंगणातून हाक घालावी लागते. "बाई, हाय का चेतन घरात?" कलाबाईंनी न बोलता हात हलवला. बजरंगने पुन्हा विचारले. कलाबाईंनी डोळे वटारून दोन्ही हात हलवले. या बाईंना गप्प बसलेले बजरंगने जन्मात पाहिले नव्हते. तो हादरला.

"आरं चेतन, पळ लवकर. बाईंची वाचा गेली," असे ओरडत तो गोधड्यांत घुसला. गोधड्या त्याच्यासह खाली आल्या, माईक आपटून बंद पडला, आणि बजरंग चौकटीत गुंडाळल्यासारखा अडकून राहिला. माधुरीच्या मोबाईलवरचे रेकॉर्डिंग तेवढे चालू होते.

मग कलाबाईंची मघापासून कोंडलेली वाचा परत आली.

"दारात उभं राहू नये. यायचं तर आत यावं, जायचं तर निघावं. मधे उभं राहून चारचौघांचा खोळंबा करणाऱ्याला घरचं वळण नसतं."

माईक दुरुस्त होईना. पाच वाजत आले, तेव्हा चेतनने मोबाईलमध्ये होते ते घाईने पाठवून दिले. नेमके काय गेले हे त्याला नंतर समजले, आणि त्याने सोमवारसाठी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

रविवारी कंपनीचा फोन आला. माधुरीच्या वाक्याला कोणी जुमानले नव्हते. दुसरे ऐकताच त्यांची माणसे आपोआप लिफ्टच्या दारातून हलली होती. त्या रागावणाऱ्या बाई तासाभरासाठी मिळतील का, अशी विचारणा होती.

कलाबाईंनी फोन हातात घेतला. "तासाभराच्या चाकरीला मी येत नसते. वर्षाचा करार करा, आणि तो माझ्या नातवाशी करा. नाहीतर माझा आवाज पुसून टाका."

पलीकडचा साहेब "हो बाई" एवढेच म्हणू शकला. नातू येणार नसल्याचे पतसंस्थेला कलाबाईंनी स्वतःच कळवले, तेही अशा स्वरात, की जणू आग्रह पतसंस्थेचाच होता.

पुढे मोतीबिंदू दाखवायला त्या चेतन-माधुरीबरोबर नगरच्या एका दवाखान्यात गेल्या. बजरंगने गाडी फाटकापासून लांब लावली होती. लिफ्टमध्ये एक पाय आणि बाहेर एक पाय ठेवून त्या त्याची खरडपट्टी काढीत होत्या, इतक्यात छतातून कडाडले:

"दारात उभं राहू नये. यायचं तर आत यावं, जायचं तर निघावं..."

बजरंग पहिल्याच शब्दाला भिंतीला चिकटला. माधुरीने तोंडाला ओढणी लावली. कलाबाईंचा चेहरा लालबुंद झाला.

"कोण रे ही उर्मट बाई? वडीलधाऱ्यांशी बोलायची ही रीत?"

"कंपनीची आहे, आजी," चेतन जमिनीकडे पाहत म्हणाला. "वर्षाच्या करारावर आहे."

"असल्या तोंडाळ बाईला वर्षभर ठेवलंय? हिला एका दिवसाच्या वर काम देऊ नये," असे म्हणत कलाबाई आत सरकल्या, आणि दार मुकाट्याने बंद झाले.