मातीमुक्त माठ

माती ही शेतीतील सर्वांत मोठी अडचण आहे, हे आता सर्वमान्य झाले आहे. माती पायाला लागते, पाय घराला लागतात, आणि मग त्या घरात सून यायला तयार होत नाही. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या भागोजीला हे सत्य उभ्या जन्मात उमगलं नव्हतं. मुंबईहून परतलेल्या त्याच्या मुलाने, दीपेशने, ते एका दुपारी पटवलं.

गुरं कधीच विकली होती. रिकाम्या गोठ्यात पांढरे पाइप उभे राहिले. पाइपांना भोकं, भोकांत माठाची रोपं, मुळं आत हवेत लोंबकळणारी. पंप थोड्या थोड्या वेळाने त्यांच्यावर खताच्या पाण्याचं धुकं उडवणार. भाजी मुंबईच्या एका सोसायटीत मुळांसकट जाणार (माती नसल्याचा पुरावा म्हणून).

"बाबा, हे जमलं नाय, तर मी परत मुंबईला," दीपेश म्हणाला. भागोजीने सगळ्या योजनेतलं तेवढंच नीट ऐकलं.

पद्धत निर्दोष होती. तिला फक्त अखंड वीज लागे, आणि त्या वाडीत वीज पाहुणीसारखी येते (जेवायला थांबत नाही). दीपेश बॅटरी आणायला महाडला गेला आणि इकडे वीज गेली. दुपारपर्यंत माठाने माना टाकल्या.

"पोरगा जातो गो आता," भागोजी बायकोला म्हणाला.

येसूबाईने परसातल्या वाफ्यातला माठ उपटायला घेतला. भाताची रोपं उपटायची, पायावर आपटायची, पाण्यात खळबळून मूठ बांधायची, यात तिचा जन्म गेला होता. शेजारची बनुबाईही मदतीला बसली.

"दात घासायचा बुरूस आन गो," बनुबाई म्हणाली, "माती ऱ्हायाची नाय."

संध्याकाळी दीपेश परतला, तेव्हा भोकाभोकांत माठ टवटवीत उभा होता. ही पद्धत विजेविनाही चालते, असा त्याने निष्कर्ष काढला (शास्त्र असंच पुढे जातं). तेव्हापासून तो मोबाइलवरचे आलेख पाहू लागला आणि बायका वाफे पाहू लागल्या. वर्षभरात मातीमुक्त शेतीखालील मातीचे क्षेत्र तिप्पट झाले. पाहणीला आलेल्या साहेबांनी मुळांच्या स्वच्छतेची विशेष नोंद घेतली. पोरगा रोज समोर जेवायला बसतो, याचं भागोजीला एवढं सुख होतं की आपण त्याला फसवतोय, हे तो घास गिळेपर्यंत विसरून जाई.

सोसायटीही खूश होती. 'अगदी गावाकडची चव,' असं तुम्हीच कळवलं होतं. मग एका जुडीत तुम्हाला मातीचा कण सापडला. तुम्ही फोटो काढून ग्रुपवर टाकलात. बरोबरच केलंत, आरोग्याचा प्रश्न आहे. सगळ्यांनी भाजी बंद केली आणि दीपेशने पोलादपूरच्या नाक्यावर मुंबईची एसटी धरली.

हल्ली तुमच्या दाराशी दहा मिनिटांत भाजी येते ना, ती तोच आणतो. परवा उशीर झाला म्हणून तुम्ही त्याला एकच तारा दिलात.