समुद्र दिसणारं टोपण

एका जंगलात, असंच म्हणणार होतो. पण मुलांनो, जंगलातल्या जागा सगळ्या विकल्या गेल्या. म्हणून ही गोष्ट एका बेटावर घडते.

त्या बेटावर शंखात राहणारे खेकडे होते. या खेकड्यांचं मागचं अंग लोण्यासारखं मऊ. म्हणून ते रिकाम्या शंखात शिरून राहतात. अंग वाढलं की शंख बदलायचा. न बदलून सांगता कोणाला? वर घार फिरतच असते.

त्यांची एक रीत होती. भरतीने मोठा शंख किनाऱ्यावर टाकला, की सगळे थोरापासून धाकट्यापर्यंत रांगेत उभे राहायचे. सर्वांत थोर खेकडा नव्या शंखात जायचा. त्याच्या जुन्यात मागचा, आणि मागच्याच्या जुन्यात त्याच्याही मागचा. घटकाभर सगळे उघडे, पण कोणी कोणाला हसायचं नाही. दलाल नाही, किल्ली नाही. अगदीच मागासलेले होते बिचारे!

या बेटावर धाकलू नावाचा एक खेकडा होता. त्याचा शंख त्याला इतका घट्ट झाला होता, की शिंक आली तरी तो आधी दोनदा विचार करायचा. त्याची बायको बायजा रोज कुरकुरायची.

"अवो, अर्धे बाहेर लोंबताय. घारीनं बघितलं म्हणजे?"

"येईल गं एखादा शंख," धाकलू म्हणायचा.

शंख यायच्या आधी कासवराव आले. मोठ्या शहराजवळच्या समुद्रातून सुट्टीला आलेले. पाठीवर स्वतःचं घर, तेही पक्कं. तरी म्हणाले, "वा! काय शांतता! इथे आपलं एक सेकंड होम हवंच." आणि खेकड्यांना सुकटीचे ढीग देऊन त्यांनी किनाऱ्यावरचे रिकामे लहानसहान शंख विकत घेतले. त्यांचा एक पायसुद्धा त्यात मावेना.

"मग राहणार कसे, कासवराव?" धाकलूने विचारलं.

"राहायचं कशाला?" कासवराव मायेने हसले. "नुसतं ठेवायचं. भाव वाढतो."

भाव! झालं, किनाऱ्याला नवा नाद लागला. खेकडे एकमेकांची खुशाली विचारायचे सोडून भाव विचारू लागले. शंखात गुदमरलेला खेकडासुद्धा आतून ओरडायचा, "माझा आज चढलाय!"

आणि एके दिवशी भरतीने खरंच एक मोठा थोरला शंख आणून टाकला. रांग लागली. सर्वांत पुढे तांडेलआजोबा. धाकलूच्या पुढे शेवंताताई, मागे त्याचा मेव्हणा पोशा. धाकलू सवयीने झटकन बाहेर आला. पोशा सवयीने झटकन धाकलूच्या शंखात शिरला.

पण तांडेलआजोबा जागचे हलेनात. म्हणाले, "नव्यात जातो रे, पण माझा जुना फुकट का सोडू? आज त्याला काय भाव आहे, ठाऊक आहे?"

रांग जागच्या जागी थिजली.

"ताई, सरका ना," धाकलू काकुळतीला आला. "मी उघडा आहे हो."

"सरकले असते रे बाबा. पण आत्ता सोडायचा म्हणजे शुद्ध मूर्खपणा. अजून जरा चढू दे."

"पोशा, निदान तू तरी बाहेर ये."

पोशा आतून म्हणाला, "दाजी, व्यवहारात नातं आणू नका."

हुज्जत चालली होती, तोवर पुढची भरती आली आणि शंख जसा आणला होता तसा घेऊन गेली. धाकलूला रडूच कोसळलं. बायजाने कुठूनसं बाटलीचं निळं टोपण शोधून आणलं आणि त्याच्या मागे बसवलं. झाकलं तेवढं झाकलं.

सकाळी कासवरावांनी ते पाहिलं. "अहाहा! काय सुटसुटीत घर! आणि चोहीकडून समुद्र!"

"बेट आहे, भाऊ. इथं कुठूनपण समुद्रच दिसतो," बायजा म्हणाली.

"म्हणून तर महाग, वहिनी."

त्यांनी सुकटीचा डोंगर पुढे केला. "देऊ नका हो," बायजा कळवळून म्हणाली. "वेडी की काय! यात चांगला ऐसपैस शंख येईल," धाकलू म्हणाला, आणि टोपण देऊन टाकलं.

सुकट घेऊन तो शेवंताताईंकडे धावला.

"अगंबाई! टोपणाला एवढं?" ताईंचे डोळे चमकले. "मग माझा तर खरा शंख आहे. त्याला चौपट नको?"

दुपारपर्यंत साऱ्या किनाऱ्याचे भाव चौपट झाले. धाकलू धापा टाकत कासवरावांकडे परतला. "टोपण परत द्या. भाड्याने द्या हवं तर."

"छे छे! वापरलं की किंमत उतरते. घर रिकामंच बरं."

वर घार दिसली. बायजाने हाक मारली, "माझ्या शंखात या हो!" धाकलू धावला, पण दोघं कसे मावणार? घारीने झडप घातली आणि एका घासात सगळं आटोपलं.

भेटायला सगळे आले. शेवंताताई म्हणाल्या, "नाव काढलं हो धाकलूने. एवढ्या भावाला आजवर कोणी विकलं नव्हतं." पोशाने डोळे पुसले. "दाजी बेघर गेले, पण तोट्यात नाही गेले."

बायजाने सगळी सुकट समुद्रात लोटून दिली. दुःखाने डोकं फिरलंय बिचारीचं, असं सर्वानुमते ठरलं.

तात्पर्य: मुलांनो, अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही जुन्या लोकांची अक्कल. शहाण्याने आधी पाय कापून घ्यावेत आणि अंथरुणाचा भाव वाढायची वाट पाहावी.