अक्षर सापडल्याचा शिरा

सणवार नसताना शेजारून रवा भाजल्याचा वास आला, की मी ओळखतो, तात्यांना अक्षर सापडलं. एक अक्षर लागलं की घरात शिरा, असा त्यांचा नियम आहे.

तात्या फौजेतून रिटायर झालेले हवालदार. जत तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेर एक वीरगळ आहे, लढताना पडलेल्या कुणासाठी तरी उभा केलेला दगड. त्याच्यावर जुन्या कानडीत चार झिजलेल्या ओळी आहेत. त्या वाचायच्याच, असं तात्यांनी मनावर घेतलंय. सांगलीहून आणलेला जुन्या लिपीचा तक्ता, पाण्याची बाटली आणि दात घासायचा ब्रश घेऊन ते रोज सकाळी निघतात. तात्यांनी दगड स्वच्छ करायचा आणि अमावस्येला बायकांनी पुन्हा तेल-शेंदूर थापायचा. "त्यांची ड्युटी त्या करत्यात," तात्या म्हणतात.

एका खाचेला ते सहा महिने 'ग' समजत होते. 'ग'वरून गाई आल्या, गाईंवरून मारामारी आली. मग एके दिवशी एक मेंढपाळ आला आणि त्याच खाचेवर विळ्याला धार लावून गेला. मला हसू आवरेना.

"बरं झालं, गुरुजी," तात्या म्हणाले. "'ग' न्हाई, येवढं तरी कळलं."

काकूंचं माहेर कानडी. "माझी भाषा, पर मला बी त्यातलं कळंना. ह्यास्नी काय कळतंय," असं पुटपुटत त्या शिरा करतात.

मी मास्तर असून डी.एड.नंतर आपणहून पुस्तक उघडलेलं नाही. मी सोपा मार्ग सुचवला. फोटो काढून कॉलेजातल्या जाणकार सरांना पाठवू, तासाभरात वाचून देतील.

"आन उद्या सकाळी मी कुटं जाऊ?"

शिरा खाताना समोरच्या भिंतीवर त्यांच्या एकुलत्या एका मुलाचा वर्दीतला फोटो दिसतो. तो सरहद्दीवर लढताना गेला. तात्या त्याच्याविषयी कधी बोलत नाहीत.

हळूहळू तीन ओळी लागल्या. गावचं तळं राखताना एक गडी पडला, एवढं कळलं. दगड कुणी उभा केला ते शेवटच्या ओळीत होतं. "तेवढं कळाय पायजे," तात्या सारखे म्हणायचे.

गेल्या आठवड्यात दुपार झाली तरी ते परतले नाहीत. काकूंनी मला पाठवलं. तात्या दगडापुढं मांडी घालून बसले होते.

"ओळ लागली?"

"लागली. बापानं हुबा केलाय."

बराच वेळ ते ब्रशचे केस सरळ करत राहिले.

"सोताचं नाव घालाय जागा हुती, गुरुजी. घातलं न्हाई. नुसतं 'बाप' लिवलंय."

त्या दिवशी शिरा झाला नाही. मला फार वाईट वाटलं. आता हे उद्या काय करणार, याच विचारात मी राहिलो.

सकाळी दार उघडलं, तर तात्या तक्ता बगलेत मारून निघालेले.

"ओळ तर लागली की, तात्या."

"लागली. पर त्या 'ग'वानी चुकली असंल तर? पुन्यांदा बघाय नगं?"

मी आत गेलो, जुना ब्रश शोधला आणि चपला घातल्या. तक्ता त्यांनी माझ्याकडं दिला.