ट्रकबंदी आणि शालिनीमावशी

इंदूरला लॉबिंग कसं करतात ते मी शिकवणार होतो! बेल्जियममध्ये बरीच वर्षं तेच काम केलेलं. तिथे नियम समितीत ठरतात. समितीपुढे अभ्यास ठेवायचा, सभ्यपणे बोलायचं, की झालं. त्यामुळे पलासियातल्या एका बिस्किट कंपनीने सरकारदरबारची कामं माझ्याकडे दिली, तेव्हा मी अगदी निवांत होतो.

काम साधं होतं. आमच्या गोदामाच्या गल्लीत दिवसा ट्रकबंदी आली होती, म्हणून ट्रक रात्री यायचे. दुपारी थोडी सूट मिळवली तरच माझी नोकरी पक्की होणार होती.

मी पार्षद विक्रांतजींकडे गेलो. पार्षद म्हणजे आपले नगरसेवक. त्यांनी माझे रंगीत आलेख शांतपणे पाहिले.

"भिया, आपके पीछे लोग कितने हैं?"

"चारसौ कामगार," मी छाती फुगवून सांगितलं.

"वोट किधर डालते हैं?"

"मानपुर में."

त्यांनी आलेखांवर पोह्यांची बशी ठेवली आणि आधी वॉर्डातले मतदार आणायला सांगितलं.

माझ्या बायकोची, निवेदिताची, शालिनीमावशी गोदामासमोरच राहते. तिचं भजनी मंडळ मोठं आणि मंडळातली एकही बाई मतदान चुकवत नाही. ट्रकांच्या वेळेचा प्रश्न पार्षदसाहेबांपुढे मांडायचाय, असं मी तिला आमच्या धंद्याच्या मोघम भाषेत सांगितलं. तिचे डोळेच भरून आले. मला वाटलं, जावयाच्या काळजीने.

रविवारी अख्खं मंडळ घेऊन गेलो. मावशीने पदर खोचला.

"विक्रांतजी, ट्रक रात्रभर मागे घेताना पीं-पीं करतात. एकीला नींद नाही. दिवसा बंद केले तसे रात्रीचे पण बंद करा. आमचे जावई बिचारे त्यासाठीच आलेत."

मी "नाही, म्हणजे" म्हणेपर्यंत टाळ्या वाजल्या. चुनाव तोंडावर आला होता. विक्रांतजींनी तिथूनच अधिकाऱ्याला फोन लावला. बेल्जियममध्ये ज्याला वर्ष गेलं असतं, ते चहा यायच्या आत झालं.

पुढच्या आठवड्यात वॉर्डाने मावशीचा सत्कार ठेवला. पार्षदांशी संबंध बिघडायला नकोत म्हणून हार कंपनीतर्फे द्यायचं ठरलं, आणि घालायला मलाच पाठवलं.

मी हार घातला, तशी मावशी माझ्या कानाशी वाकली.

"तुमच्या नोकरीचं पण बोलू का विक्रांतजींशी? निवेदिता म्हणत होती, अजून कच्ची आहे."

मी मुकाट्याने हो म्हणालो.